मानपत्रातली चौदा नावं

आमच्या फेराइनमध्ये मानपत्राशिवाय कुणाचा सत्कार होत नाही. फेराइन म्हणजे इथल्या कायद्याप्रमाणे नोंदवलेली संस्था. ही संस्था महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या जर्मनीतल्या माजी विद्यार्थ्यांची आहे. प्रत्यक्षात ती त्या कॉलेजच्या मुलांच्या होस्टेलमधल्या एका ब्लॉकची आहे. अध्यक्ष त्या ब्लॉकचा, सचिव त्या ब्लॉकचा, खजिनदार शेजारच्या ब्लॉकचा, पण मेस एकच. लेडीज होस्टेलच्या माजी विद्यार्थिनींकडे संस्था निघाल्यापासून जेवणाची व्यवस्था आहे. माझी बायको त्यांच्यापैकी.

मी त्या कॉलेजचा नाही. पुण्यात एका दैनिकात बारा वर्षं उपसंपादक होतो. "पेपरात होतात ना" एवढ्या पात्रतेवर मानपत्रं माझ्याकडे आली. तिथे मला सगळे जावई म्हणतात. कॉलेजचे जावई.

पद्धत ठरलेली आहे. सत्कारमूर्ती स्वतःबद्दलचे मुद्दे स्वतःच पाठवतात, पण दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखे. मी त्यांची वाक्यं करतो. 'जागतिक कीर्तीचे' काढतो. अध्यक्षांकडून ते परत येतं. सहा वर्षांत सहा मानपत्रं झाली. त्यांत खोटं वाक्य नाही, असं मी म्हणणार नाही. खोटं ठरवता येईल असं वाक्य नाही, इतकंच.

सातवे सत्कारमूर्ती गार्चिंगजवळ राहतात. म्युनिकच्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या करणाऱ्या विभागाचे प्रमुख आहेत. ब्लॉकमधले सगळ्यांत सीनियर, म्हणून त्यांना दादा म्हणतात. त्यांनी पाठवलेल्या मुद्द्यांत बढत्या होत्या, गणेशोत्सव होता, बॅडमिंटन स्पर्धा होती. शेवटचा मुद्दा असा: 'चौदा ज्युनियर्सच्या करिअरला दिशा दिली.' मी फोन करून नावं मागितली.

"जावई, ही चौकशी आहे का?"

"तुम्ही चौदा लिहिलंय. मला चौदा लिहायचे तर ते कोण, हे माहीत हवं."

"तुमच्या पेपरात असं करायचे?"

"आकडा आला की करायचो."

"म्हणून पेपर सोडावा लागला," ते म्हणाले आणि बराच वेळ हसले.

यादी दुसऱ्या दिवशी आली. नववं नाव माझ्या बायकोचं होतं.

बायको डबे भरत होती. तिने यादी दोनदा वाचली.

"नववी?"

"नववी."

"माझ्या आधीचे आठ कोण लागून गेले?"

मग तिने हात पुसले आणि जे झालं होतं ते सांगितलं. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. ती डार्मश्टाटला शिकत होती, शेवटची सहामाही. दादा तेव्हाही म्युनिकलाच होते. तिने त्यांना फोन केला. नोकरी मागितली नव्हती; आपला अर्ज योग्य माणसाच्या हातात पडावा, एवढंच मागितलं होतं. ते म्हणाले, टेस्ट रिगवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, मुली टिकत नाहीत. इकडे नको, हॅनोव्हरला वगैरे बघ. घरचे स्थळं बघतायत का, असंही विचारलं. बोलणं चार मिनिटांत संपलं.

हॅनोव्हरला तेव्हा औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. प्रकल्पासाठी तिने एक ब्रेक डिस्क मधोमध कापली होती, आतल्या भेगा दिसाव्यात म्हणून. ती अर्धी डिस्क पाठीवरच्या बॅगेत घालून ती प्रदर्शनाला गेली. सहाव्या की सातव्या स्टॉलवर पांढऱ्या केसांच्या एका माणसाने ती उजेडात धरली आणि विचारलं, ही कापली कुणी. ती म्हणाली, मी. तो माणूस पुढे सात वर्षं तिचा साहेब होता. डिस्क अजून आमच्याकडे आहे. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती खाली ठेवतो.

पण यादी आली त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालू होती. बायकोच्या कंपनीने हॅनोव्हरचा चाचणी विभाग सप्टेंबरअखेर बंद करायचं ठरवलं होतं. तिला खरेदी विभागात टेबल देऊ केलं होतं. टेबल, कॉम्प्युटर, पुरवठादारांशी फोन. रिग नाही. नऊ वर्षं जे काम केलं ते संपणार होतं. तिच्या कामाची एक जागा म्युनिकला निघाली होती आणि तिने तिथे अर्ज केला होता. विभाग दादांचा होता.

पुढच्या दोन शनिवारी मी उरलेल्या तेरा जणांना फोन केले. अकरा जणांनी उचलला. दोघांना दादांनी खरोखर मदत केली होती. एकाचा बायोडेटा त्यांनी पुढे पाठवला होता. दुसऱ्याला आठवडाभर घरी ठेवून घेतलं होतं आणि पालिकेत नाव नोंदवायला स्वतः गाडीने नेलं होतं. हे दोघं खरे होते आणि तसं मी टिपून घेतलं.

उरलेल्या नऊ जणांना त्यांनी नाही म्हटलं होतं. एकाला म्हणाले, तुझं जर्मन कच्चं आहे, आधी शिकून ये. एकाला म्हणाले, आमच्याकडे सध्या काही नाही. एकाचा फोन दोन वेळा कट केला. त्यानंतर हे सगळे दुसरीकडे लागले, बरेच वर चढले आणि यादीत आले.

"माझं नाव आहे?" त्यांपैकी एक जण म्हणाला. "गेनाऊ, बरोबरच आहे. मला ओळख द्यायलाच नकार दिला होता त्यांनी."

"हे मी तुमच्या नावाने लिहू?"

"आल्झो... म्हणजे, नको. पुढच्या वर्षी माझा सत्कार आहे."

नऊच्या नऊ जणांनी नाव घालू नका म्हणून सांगितलं. कुणी रागाने, कुणी हसत. राग दादांवर नव्हता, माझ्यावर होता.

मी अध्यक्षांना कळवलं. ते हॅनोव्हरलाच असतात; आम्ही त्यांच्या ऑफिसखालच्या बेकरीत भेटलो.

"म्हणजे दादा खोटं बोलतायत, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. त्यांना खरंच तसं वाटतं. ज्यांना ज्यांना त्यांनी परत पाठवलं, ते त्यांनी घडवले."

"मग प्रश्न काय?"

"प्रश्न चौदाचा आहे. माझ्याकडे दोन आहेत."

त्यांनी कॉफी ढवळली. "जावई, तुमच्या घरातला एक अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. मी मित्र म्हणून सांगतोय. आणि मानपत्राचं वाचन तुमच्या मिसेसनी करायचं ठरलंय. यादीतली आहे, शिवाय लेडीज. चांगलं दिसेल."

"तिला विचारलंत?"

"तुम्ही विचारा."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की मी लिहिणार नाही.

"तू नाही लिहिलंस तर सचिव लिहील," ती म्हणाली. "त्याला 'दीपस्तंभ' हा शब्द फार आवडतो. तू लिही. चौदा म्हणतायत तर चौदा लिही. मी वाचते."

"तुला ती जागा हवी आहे म्हणून?"

"हवी आहे. त्यांच्याकडे चार रिग आहेत." मग म्हणाली, "हवी आहे म्हणून गप्प बसते का, ते तिथे बघू."

समारंभ जूनमधल्या एका रविवारी दुपारी झाला, एका चर्चच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. शाल होती, एशियन दुकानातून आणलेला नारळ होता, फ्रेम होती. बायको सकाळी आठपासून पुलावाच्या पातेल्यापाशी होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि माइकपाशी गेली.

बढत्या वाचल्या. गणेशोत्सव वाचला. 'चौदा ज्युनियर्सच्या करिअरला दिशा दिली' हे वाक्य वाचलं आणि कागद खाली केला.

"या चौदांत मी नववी," ती म्हणाली. "मी दादांना फोन केला होता. ते म्हणाले, टेस्ट रिगवर मुली टिकत नाहीत, इकडे नको, हॅनोव्हरला बघ. मी हॅनोव्हरला बघितलं. नऊ वर्षं टिकले."

हे माझ्या मजकुरात नव्हतं. ती आवाज न चढवता बोलली, मघाशी बढत्या वाचल्या त्याच सुरात. मग कागद वर घेऊन पुढचं वाचू लागली, पण वाचता येईना, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या दुपारच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या. नकार मिळालेल्या नऊपैकी तिघे हॉलमध्ये होते. दोघे टाळ्या वाजवत होते, तिसरा नारळाकडे बघत होता. स्टेजवर दादांनी बोट वर केलं आणि मान हलवली. त्यांना तो प्रसंग आठवला होता. त्यांचे डोळे ओले झाले होते, हे मला पहिल्या रांगेतून दिसलं.

जेवणाच्या वेळी ते ताटली घेऊन बायकोसमोर आले. अध्यक्ष त्यांच्या मागेच होते. मी पाण्याच्या बाटल्या लावत होतो.

"छान बोललीस," दादा म्हणाले. "हॅनोव्हरला बघ म्हटलं होतं ना मी? बरोबर निघालं की नाही?"

"पुलाव वाढू?"

"थोडा. तुझा अर्ज बघितला मी. पण ती जागा परवाच भरली. आपल्याच ब्लॉकचा आहे, त्याची फॅमिली आधीपासून म्युनिकला. आणि तू कशाला तिकडे येतेस? भाडी बघितलीस का? डार्मश्टाटला बघ. तिथे तुझ्यासारख्यांना वाव आहे."

परवा म्हणजे शुक्रवार. ती माइकपाशी गेली त्याच्या दोन दिवस आधी. गप्प बसली असती तरी फरक पडला नसता.

बायकोने त्यांच्या ताटलीत पुलाव वाढला, शेजारी कोशिंबीर वाढली.

"दादा, पुढच्या वेळी पंधरा लिहा," ती म्हणाली. "नववी मी आणि पंधरावीही मीच."

दादा हसले. अध्यक्षही हसले. "जावई, हे लिहून घ्या," ते मला म्हणाले.

मी लिहून घेतलं. मानपत्रं यापुढे लिहिणार नाही, असं सोमवारी फेराइनला कळवलं. सचिवांनी दोन ओळींत आभार मानले. दुसऱ्या ओळीत दीपस्तंभ होता.

डार्मश्टाटला खरंच एक जागा निघाली होती. चाचणी विभाग, दोन रिग. बायकोने ती जाहिरात आधीच बघून ठेवली होती. रविवारनंतर तिने तिथे अर्ज करायचा नाही असं ठरवलं. बुधवारी केला. पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं.

"मिळाली तर ते पंधरावी धरतील," मी म्हणालो.

"धरू देत. यादीतल्या नावाला विचारतं कोण?" ती म्हणाली. तिने बाल्कनीतून डिस्क आत आणली, नळाखाली घासून धुतली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेत घातली. बाल्कनीच्या दाराला मी खुर्ची लावली.