यादवांच्या काळातली मिरची

प्रूफ हातात दिलं की तो आधी त्याचा वास घ्यायचा. ओल्या शाईचा वास छातीत भरून झाला की न वाचता खाली सही ठोकायचा आणि म्हणायचा, "उत्तम." तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. आता लिहिताना मात्र ते करवत नाही.

सांगलीच्या एका छापखान्यात मी खिळे जुळवायचो. लढाई चालू होती, कागद मिळता मिळत नव्हता, आणि हा गृहस्थ साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं यादवकाळातल्या प्रेमाची बाडं घेऊन यायचा. तुम्हीही असले लेखक पाहिले असतील. घरात बायकोशी धड बोलत नाहीत आणि कागदावर राजकन्येच्या पापण्या मोजत बसतात.

त्याच्या नायिकेनं एकदा नायकासाठी मिरचीचा ठेचा केला. मिरची फिरंग्यांनी आणली, यादवांच्या वेळी ती नव्हतीच, असं मी भीतभीत सांगितलं. तो हसला. "त्या काळी तसं होतं हो." त्याचा गड कुठल्या नकाशात नव्हता, त्याची नदी उलटी वाहायची, पण उत्तर एकच. एकदा खुशीत असताना मनातलं बोलला. "आजचं लिहिलं की लोक पत्ता विचारतात. अमकी कोण, तमका कोण. सातशे वर्षं मागं गेलं की कुणी दार ठोठावत नाही." हे त्याचं खरं सुख होतं, आणि मला त्याचीच चीड यायची.

छापलेले फर्मे दुमडायला आमच्याकडे सगुणाबाई होत्या. मूळच्या उंब्रजच्या. नवरा पलटणीत; आफ्रिकेत बेपत्ता झाल्याचं सरकारी पत्र आलेलं, पुढं काही नाही. त्यांना वाचता येत नसे, म्हणून त्या दुमडत असताना मी वाचून दाखवायचो. कादंबरीतला नायक लढाईला गेला, नायिका वाट बघत बसली, आणि तेव्हापासून बाईंनी मला एकच विचारायला सुरुवात केली. "त्यो गडी माघारी येतोय का न्हाई वो?"

मालकांच्या नकळत मी लेखकाला गाठलं. बाईंची हकीकत सांगितली, नायकाला परत आणा म्हणालो. कान कोरत त्यानं ऐकून घेतलं. "नायक मेल्याशिवाय वाचक रडत नाही," म्हणाला आणि शेवटच्या प्रूफावर सही ठोकून निघून गेला.

अखेरचा फर्मा छापून झाला. सगुणाबाई समोर दुमडत होत्या. वाचत वाचत मी शेवटच्या ओळीशी आलो. 'तो परत आला नाही.' माझी जीभ अडखळली. 'तो परत आला' एवढंच मी वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"नाही," दारातून आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "'आला नाही' असं आहे. शब्द गाळू नका."

सगुणाबाईंनी मान वर केली नाही. "व्हय," त्या मला म्हणाल्या. "तुमी अडखळला तवाच कळलं मला."

माझं डोकं फिरलं. "मिरची चालते, आणि हा एक शब्द गाळलेला चालत नाही?" मी त्याला विचारलं.

"मिरचीनं गोष्ट बिघडत नाही," तो शांतपणे म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो, आणि तेही तोंड वाकडं करून.

लढाई संपली. उंब्रजचे बरेच जण घरी आले, सगुणाबाईंचा नवरा आला नाही. दोन-तीन वर्षांनी साताऱ्याहून तो लेखक वारल्याची बातमी आली. आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातला त्याच्यावरचा मजकूर जुळवायचं काम माझ्याच नशिबी आलं. 'हळव्या मनाचे कादंबरीकार' हे शब्द जुळवताना मी मनात चार शिव्या हासडल्या. कोण गेलं म्हणून सगुणाबाईंनी विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून वर जोडलं, "सुटलो. दुष्ट माणूस होता."

त्या घडी घालायच्या थांबल्या. "गावात, घरात, हितं, समद्यांनी मला येतोय, येतोय म्हनून सांगितलं. तुमीबी. त्यो एकटाच न्हाई म्हनला."

मग पदराला हात पुसून जवळ येऊन बसल्या. "काय लिवलंय त्येच्याबद्दल, वाचा. आन् काय गाळू नगा."

मी वाचलं. 'हळव्या मनाचे' हेही वाचलं.