नथवालीचा हिस्सा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अंकलिपी नंतर आली. पाणी, वीज, उसाचा दर, हुंडा, कुठलाही विषय असो, वडील स्वतः पत्रक लिहायचे, इस्लामपुरात छापून आणायचे आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर माझी बाराखडी गिरवून झाली. परिणाम व्हायचा तो झाला. शाळेत 'माझी आई' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो, आता तरी जागे व्हा!' अशी केली होती.

असल्या घरात रोज संध्याकाळी मालिका लागायची, हा मी चळवळीचा पराभव मानत होते. मी तसं बोलून दाखवलं की आई म्हणायची, "जलमभर तुमा बाप-लेकीची भाषणं ऐकली. आता अर्धा तास माझ्या माणसांत बसू दे."

तिच्या माणसांत एक खलनायिका होती. आम्ही तिला नथवाली म्हणायचो, कारण तिची नथ तिच्या हनुवटीपर्यंत यायची. लग्न होऊन गेलेली ही बाई भावांच्या घरी परत येते आणि वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागते, एवढाच तिचा मूळ गुन्हा. पण नुसतं हिस्सा मागणं प्रेक्षकांना पुरेसं वाईट वाटणार नाही, अशी लेखकाला भीती असावी. म्हणून तो तिच्याकडून खिरीत मीठ टाकून घ्यायचा, आणि ती भुवई उचलायला लागली की मागे भांडी पडल्यासारखं संगीत वाजायचं.

तिच्यावर सगळ्यात जास्त राग होता माझ्या आत्याचा.

आत्या दिलेली दहिवडीकडे. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर शेरडं, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, मुंबईला कामाला. गेल्या वर्षी नागपंचमीला वडील स्वतः जाऊन तिला घेऊन आले. आदल्या दिवशी तिनं भावाचा उपवासही धरला होता. पण त्या वर्षी वडील इतक्या अगत्यानं का गेले, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पंचमी झाली की इस्लामपूरच्या कचेरीत आत्या हक्कसोडपत्रावर सही करणार होती. आमच्याकडं बहिणी अशीच बापाच्या जमिनीतली आपली वाटणी भावाला लिहून देतात. भाऊ साडी देतो, गोडाचं जेवण घालतो, आणि विषय मिटतो. साडी कपाटात येऊन पडली होती.

मी माळ्यावर चढले आणि वडिलांचंच जुनं पत्रक शोधून खाली आणलं. 'लेकीला समान वाटा मिळालाच पाहिजे!'

वडिलांनी ते वाचलं, छपाई चांगली झाली होती म्हणाले, आणि घडी करून परत दिलं. "पण हे वेगळं. हे समाजाबद्दल लिहिलंय."

मग मी आत्याला गाठलं. "आत्या, तू सही करू नकोस."

"गप गं. मला नथवाली करतीस व्हय?"

तिथं माझी चर्चा संपली. नथवालीला सोडवल्याशिवाय आत्या सुटणार नव्हती. म्हणून मी पत्रक लिहायला बसले, नथवालीच्या बाजूनं.

पंचमीच्या संध्याकाळी पुरणाची दिंडं खाऊन सगळे टीव्हीपुढं बसले होते. मालिकेत जाहिराती लागल्या आणि मी उभी राहिले. "ती खलनायिका नाही, ती वारसदार आहे! ती खिरीत मीठ टाकते तेव्हा तिचे डोळे बघा. ते दाराकडं असतात. तिला हिस्साही हवाय आणि घरही हवंय. एक मागितलं की दुसरं जाणार, हेच तिचं अंतर्द्वंद्व आहे!!!"

वडिलांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ते चिडले. पण त्यांनी हात पुढं केला. "कागद आण. आणि लाल पेन."

पत्रक कुणाचंही असो, कच्चं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"अंतर्द्वंद्व काढ. गल्लीत कोण वाचणार हाय? 'तिच्या मनात दोन बायका भांडतात' असं लिही. उद्गारचिन्ह एकच. तीन दिली की लिहिणारा घाबरलाय असं वाटतं. आणि हे काय, 'तिला हिस्सा द्यावा ही नम्र विनंती'? हक्काला विनंती कसली?" ते उठून उभे राहिले. बोट वर गेलं, सभेतला आवाज लागला. "लिही! ज्या भावाला बहिणीचा हिस्सा पचतो, त्याला तिच्यापुढं राखीसाठी हात करायचा अधिकार नाही!"

आईनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"दादा," आत्या म्हणाली, "लय चांगलं लिवलंस."

"मग!"

"मग परवा मी कशावर सही करायची?"

वडिलांचं बोट वरच राहिलं. टीव्हीवर एक बाई बिनआवाजाची भांडी घासत होती. थोड्या वेळानं त्यांनी ते बोट हळूच खाली आणलं आणि कान खाजवला, जणू त्यासाठीच वर केलं होतं.

"आगं, ती मालिका हाय."

"मालिका हाय तर तू तिला शिव्या का देतोस? मी बी देती. तिनं मागितलं म्हणून मला राग येतो, दादा. मला न्हाई मागता आलं." आत्या पदराशी खेळत होती. "हिस्सा घेतला की पंचमीला कोण बोलवतंय? तिकडं माझ्या जावंला तिच्या भावानं कवाच बोलवायचं सोडलं. जमीन गेली तर जाऊ दे, हे दार ऱ्हाऊ दे, म्हणून आले सही करायला."

आई वडिलांना म्हणाली, "आवं, बोला की. का जाहिरात संपायची वाट बघताय?"

"नको करू सही," वडील म्हणाले. इतक्या बारीक आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. एकही उद्गारचिन्ह नाही.

"आणि पंचमीला?"

"येईन की न्यायला."

"आणि साडी?"

"ती... आणल्याली हाय."

"मग दे की! का ती सहीसंगंच हुती?"

वडील कपाटाकडं गेले. साडी खरंच चांगली होती. आत्यानं पदर उलगडून आईला दाखवला, तोवर मालिका परत सुरू झाली आणि दोघी नथवालीला शिव्या द्यायला लागल्या. मी माझं पत्रक घेऊन तशीच उभी होते.

पुढं दसऱ्याच्या सुमाराला मालिकेनं दगा दिला. नथवालीला पश्चात्ताप झाला, तिनं हक्क सोडला, भाऊ रडले, आणि एका रात्रीत तिची नथ लहान झाली. मी दोन दिवस धुमसत होते. आत्याचा दहिवडीहून फोन आला. "यडी हाय ती. आता सही केली, तर भाऊ बोलवत्यात का बघ."

भाऊबीजेला आत्या आमच्याकडं होती. वडील टोपी घालून पाटावर बसले, आत्यानं ताट उचललं, निरांजन लावलं. नेमकी त्याच वेळी मालिकेतही भाऊबीज लागली. सगळे भाऊ ओळीनं पाटावर, पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेलं, एकेक बहीण पुढं येऊन ओवाळतेय.

"आवं वन्सं, ओवाळा की," आई म्हणाली. "तेल संपंल."

"थांब जरा. ती आली का बघू दे."

वडिलांनीही पाटावरूनच मान वळवली. टोपी तिरकी झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ओवाळणं झालं, लाडू वाटले गेले, घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. नथवाली कुठंच नव्हती.

"बोलवलीच न्हाई," आत्या म्हणाली आणि वडिलांकडं वळून तिनं ताट फिरवलं.

वडिलांनी कुंकू लावून घेतलं, ओवाळणी घातली आणि पाटावरून न उठता मला म्हणाले, "लाल पेन कुठं हाय गं?"