केशरी जाकिटातली मोजणी

एकतीस वर्षं ट्राम चालवून ओदीलिया फुर्तादो निवृत्त झाली. कॅनडातल्या तळ्याकाठच्या त्या शहरात आता तिची मुलगी मार्लीन तीच ट्राम चालवायची. उशिराबद्दल मार्लीनला दोन ताकिदी मिळालेल्या. तिसरी मिळाली की नोकरी गेली.

उशीर कशाने होतो, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ट्रामच्या रस्त्यावर मोटारींनी चौकात उजवीकडे वळायचं, असा नियम. पण हे शहाणे खुशाल सरळ घुसायचे आणि ट्राम त्यांच्यामागे अडकायची. म्हणून ओदीलिया दर मंगळवारी-गुरुवारी आठ ते नऊ चौकात उभी राहून अशा गाड्या मोजू लागली. थंडी मरणाची, त्यामुळे अंगात कामावरचं जुनं केशरी जाकीट.

तिसऱ्या ताकिदीआधी ट्राम कंपनीत मार्लीनची चौकशी होती. त्या दिवशी साहेबांनी ओदीलियाची वही चाळली. "अकरा दिवसांत चौऱ्याऐंशी गाड्या. तासाला सात-आठ. एवढ्याने ट्राम अडते होय, बाई? मग चूक तुमच्या लेकीचीच."

 लेकीला वाचवायला आणलेल्या वहीनेच तिचा घात केला होता.

मार्लीन मात्र आपल्या वेळांचा तक्ता बघत होती. "माई, या अकराही दिवस मी वेळेवर होते. बाकी रोज चौदा-पंधरा मिनिटं उशीर. तू काय घालून उभी होतीस?"

"हेच की, जाकीट."

"केशरी जाकीट, हातात वही. मोटारवाल्यांना वाटलं, दंड करणारी बाई आहे. साहेब, त्या चौकात या हिवाळ्यात दंड किती झाले, बघा जरा."

साहेबांनी संगणकावर नोंदी उघडल्या. वर-खाली केल्या. चेहरा उतरला. "एकही नाही."

"म्हणजे अख्ख्या रस्त्यावर कायदा पाळायला लावणारी एकटी माझी म्हातारी?"

"तो तुमचा अंदाज झाला. मला आकडा पाहिजे," साहेब म्हणाले. "उद्या जाकिटाशिवाय मोजा."

दुसऱ्या दिवशी ओदीलिया काळ्या कोटात उभी राहिली. साडेआठपर्यंत वहीत गाडीमागे एक अशा एकशे सव्वीस रेघा झाल्या. ती हादरलीच. इतकी वर्षं याच रस्त्यावर काढूनही एवढ्याची कल्पना तिला नव्हती. तेवढ्यात मार्लीनची ट्राम आली आणि मोटारींमागे थांबली. काचेतून लेक तिच्याकडेच बघत होती. घंटा वाजवत होती, कोणी हलत नव्हतं.

जाकीट पिशवीत होतं. अंगात घातलं असतं, तर रस्ता मोकळा झाला असता.

ओदीलियाने पिशवी पायांत घट्ट दाबली आणि पुढची रेघ मारली.