लाल दिवा विझेपर्यंत

हवानाच्या सेरो वस्तीत कुणाच्याही जुन्या गाडीची बॅटरी चार्ज होईना, की माणूस एवेलियोचं दार ठोठावायचा. जन्मभर टॅक्सी चालवून आणि लोकांच्या गाड्यांच्या तारा जोडून त्याने कमावलं काय, तर हे नाव.

त्या दुपारी मात्र त्याच्या स्वतःच्याच पंचावन्न सालच्या गाडीने त्याची अब्रू घालवली. सकाळपासून वीज नव्हती. खिडकीखालच्या गाडीच्या बॅटरीतून दोन तारा आत इन्व्हर्टरला गेल्या होत्या आणि त्यावर त्याच्या बायकोचं, ओडालिसचं, ऑक्सिजनचं यंत्र चालत होतं. इंजिन चालू असलं की डायनामो बॅटरी भरणार, आणि बॅटरी आहे तोवर ओडालिसला श्वास. पण डायनामो चार्जच देईना. एवेलियोने तो उघडून झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले, धुण्याच्या यंत्रातले घासून बसवले, पट्टा ताणला, एकूण एक तार चाचपली. तरी डॅशबोर्डवरचा, चार्ज येत नसल्याचा लाल दिवा तसाच. पेट्रोलच्या टाकीत घातलेली काठी जेमतेम ओली होत होती, म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

"ती गाडी संग्रहालयाला दे, आणि तूही तिच्याबरोबर जा!" वरच्या गॅलरीतून शेजारीण फेर्मिना ओरडली.

"तुझी जीभ डायनामोला जोडली असती तर अख्ख्या हवानात उजेड पडला असता!" तोही ओरडला.

आत यंत्र कण्हायला लागलं.

"म्हाताऱ्या," ओडालिसने हाक मारली. इतकी वर्षं त्याच्या कामाला टॉर्च तिनेच धरला होता. "ठिणगी... दिलीस का?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. उघडलेल्या डायनामोतलं चुंबकत्व कधीकधी जातं. मग बॅटरीची तार क्षणभर टेकवून त्याला जागं करावं लागतं. सगळ्या वस्तीला हे शिकवणारा तोच, आणि भीतीपायी तोच विसरला.

त्याने तार टेकवली, ठिणगी उडाली. आता इंजिन फिरवायचं, तर त्यासाठी यंत्र बंद करायला हवं; उरलेल्या बॅटरीवर दोन्ही चालणार नव्हतं. आणि एवढं करून चार्ज आला नाही, तर गाडीही गेली आणि यंत्रही.

"काढ तार. बघत काय बसलायस?" आतून ओडालिस म्हणाली.

त्याने तार काढली. यंत्र गप्प झालं. किल्ली फिरवल्यावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि एकदाचं धरलं. लाल दिवा लुकलुकून विझला. धावत येऊन त्याने तार जोडली. ओडालिसची छाती पुन्हा वरखाली व्हायला लागल्यावर त्याला हुंदका फुटला.

"पेट्रोल किती आहे?" तिने विचारलं.

"भरपूर. तू श्वास घे."

तो बाहेर आला आणि वर बघत राहिला.

"फेर्मिना, तुझ्या जावयाच्या मोटरसायकलीत काही आहे का गं?"

थोड्या वेळाने गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. तिच्यात अर्धी बाटली पेट्रोल होतं.