आजोबा बाळंतिणींच्या वॉर्डात

संख्याशास्त्र विभागात तिला सगळे गाळणी म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याने डोकं चालवलं होतं यात शंका नाही. कुणाचाही प्रोग्राम अडला की तो माणूस लॅपटॉप छातीशी धरून तिच्या टेबलापाशी येई, लाल अक्षरांतला एरर दाखवी, आणि ती स्क्रीनकडे न बघताच म्हणे, "छोटं करून आण."

छोटं करून आण म्हणजे काय, हे नवख्याला आधी कळत नसे. त्याला वाटे, बाई टाळतेय. पण ती टाळत नव्हती. एवढ्या लांबलचक कोडमधून जे लागत नाही ते सगळं छाटायचं, डेटाच्या चारदोन ओळीच ठेवायच्या, आणि तरीही एरर येत असेल तर यायचं, हा तिचा नियम होता. निम्मीअधिक माणसं परत येतच नसत, कारण छाटता छाटता चूक त्यांचीच त्यांना सापडे. उरलेल्यांचं काम ती चहा गार व्हायच्या आत संपवी. "हे आकडे नाहीत, अक्षरं आहेत. प्रोग्रामला बेरीज येते, अंदाज येत नाही." नाहीतर, "वय माहीत नाही तिथे नव्याण्णव कुणी भरलं? तुझ्या अभ्यासातलं अर्धं गाव शंभरीला टेकलंय की!"

एका गोष्टीवर मात्र तिचं डोकं सटके. लोकांची माहिती दोन तक्त्यांत असते; एकात वय, दुसऱ्यात आजार. आळशी माणूस दोन्ही तक्ते क्रमाने लावतो आणि शेजारी शेजारी चिकटवून मोकळा होतो. शहाणा माणूस प्रत्येकाचा नंबर बघून ओळीला ओळ जुळवतो. "चिकटवाचिकटवी करणाऱ्याने माझ्या टेबलाशी फिरकू नये," असं ती नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सुनवायची. तिचं तोंड जरा फटकळच होतं, पण काम होत असल्यामुळे लोक ऐकून घेत.

विभागाच्या कपाटात पीएचडीचे प्रबंध ओळीने लावलेले होते. त्यातला कुठलाही उघडावा, तर आभाराच्या पानावर ती सापडायचीच. आई, वडील, गाइड आणि ती. तिचा स्वतःचा प्रबंध तेवढा त्या कपाटात नव्हता. तिच्या मागून आलेले पुढे निघून गेले, नोकरीला लागले, त्यांची लग्नंही झाली, आणि ती आपली लोकांचे कंस मिटवत बसलेली.

ती राहायची ताईकडे. मधल्या खोलीत तिचं टेबल, तिची कॉट आणि कागदांचे ढीग. भावोजी माणूस मिश्कील. रोज संध्याकाळी बूट काढता काढता त्यांचा एकच प्रश्न असे, "काय साहेब, झालं का?" ती म्हणे, "होतंय." मग ते म्हणत, "मागच्या सरकारपासून होतंय." यात कुचकेपणा नव्हता, पण ऐकून ऐकून तिला त्याचा वीट आला होता. त्यातून ताईला आता दिवस गेले होते. दाराच्या मागे एक घडीचा पाळणा आणून ठेवलेला होता, अजून कागदात गुंडाळलेला. मधली खोली बाळाला लागणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. या सत्रात प्रबंध द्यायचा, दुसऱ्या गावातली कबूल झालेली नोकरी धरायची आणि खोली मोकळी करून द्यायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. नोकरीवालेही डिग्रीशिवाय घ्यायला तयार नव्हते, आणि तिच्या गाइड मॅडम याच सत्राअखेर निवृत्त होणार होत्या. म्हणजे आता नाही तर मग सगळंच लांबणीवर.

प्रबंधाचा विषय सरळ होता. दवाखान्यातून घरी गेलेल्या पेशंटला नर्सने फोन करून विचारपूस केली, तर तो पुन्हा भरती व्हायचं प्रमाण कमी होतं का? दोन दवाखान्यांची माहिती तिच्याकडे होती आणि उत्तर झकास आलं होतं. फोन केलेली माणसं फोन न केलेल्यांच्या निम्म्यानेही परत येत नव्हती. मॅडम हा निष्कर्ष जाईल तिथे सांगत. ताई स्वतः तिसऱ्याच एका दवाखान्यात नर्स, तिनेही हे ऐकून घरी गेलेल्या पेशंटना फोन करायला सुरुवात केली होती.

सगळं जमत आलेलं असताना लॅबमधला जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. तिने आपलं काम नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, सहज एकदा चालवून पाहिलं, आणि फरक नाहीसा. फोन करा नाहीतर करू नका, माणसं परत यायची तेवढीच येतात. तिने जुन्या कॉम्प्युटरवर चालवलं, तर तिथे फरक होताच, आधीसारखाच ठसठशीत. कोड तोच, फाइल त्याच, उत्तरं मात्र दोन. एररचं एक अक्षर नाही. लाल अक्षरं आली असती तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग तिने जे जगाला सांगितलं ते स्वतः केलं. छोटं केलं. नुसता पहिला दवाखाना घेतला, तर दोन्ही मशिनांचं उत्तर सारखं. नुसता दुसरा घेतला, तरी सारखं. थोडेच पेशंट घेतले, सारखं. छोटं केलं की आजार गायब, आणि पूर्ण केलं की हजर. दिवसामागून दिवस गेले, प्रबंध देण्याआधी विभागापुढे करायचा सेमिनार जवळ आला, तिच्या नाकी नऊ आले. विभागात जिच्याकडे सगळे जात तिनं कुणाकडे जावं, हा प्रश्न विभागात कुणालाच कधी पडला नव्हता. तिलाही नाही.

शेवटी पसाऱ्याने तिला गाठलं. पसारा म्हणजे तिच्याच वर्षाचा एक विद्यार्थी, तिच्यासारखाच मागे राहिलेला. तो कुठलीही फाइल पुसत नसे, त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि छोटं करून आण म्हटलं की तो जास्तच मोठं करून आणी. त्याच्यापुढे तिने केव्हाच हात टेकले होते.

"तुझा चेहरा का उतरलाय?" त्याने विचारलं.

"काही नाही. एक गोष्ट छोटी होत नाहीये."

"मग नको करू. दाखव."

"आख्खं? ते बघून काय कळणार?"

"मला सवय आहे ना. मी सगळं आख्खंच बघतो."

आख्खा तक्ता डोळ्यांनी वाचत बसणं हा तिच्या लेखी शुद्ध अडाणीपणा होता. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिने जुन्या कॉम्प्युटरवर जुळवलेला तक्ता उघडून दिला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पसारा शेंगदाणे खात एकेक ओळ खाली सरकवत होता. बऱ्याच वेळाने तो हसायला लागला.

"अगं, हे आजोबा बाळंतिणींच्या वॉर्डात काय करतायत?"

"कोण आजोबा?"

"हे बघ. पुरुष, वय एकोणऐंशी, वॉर्ड बाळंतपण. खाली आणखी एक आहेत. आणि ही चार वर्षांची मुलगी हृदयविकाराच्या वॉर्डात. तुझ्या दवाखान्यात चाललंय काय?"

ती आली आणि तिने पाहिलं. तिला पुढचं काही शोधावं लागलं नाही. कोडच्या अगदी वरची, पहिल्या वर्षी लिहिलेली ओळ तिने उघडली. एका तक्त्यात वय, स्त्री की पुरुष, आणि पुन्हा भरती झाला की नाही. दुसऱ्यात वॉर्ड आणि फोन केला की नाही. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवलेले. तेव्हा एकच दवाखाना होता, क्रम बिनचूक होता, आणि चिकटवलं तरी चालून गेलं होतं. पुढे दुसऱ्या दवाखान्याची माहिती आली, ती दोन्ही तक्त्यांत भरली गेली, आणि ती ओळ तशीच राहिली. लोकांच्या कोडमध्ये ती सगळ्यांत आधी हीच ओळ शोधायची. स्वतःच्या कोडमध्ये तिने ती कधी वाचलीच नव्हती.

एका दवाखान्याच्या पेशंट-नंबरांत मोठी इंग्रजी अक्षरं होती, दुसऱ्याच्या लहान. जुना कॉम्प्युटर पहिल्या तक्त्याचा क्रम लावताना हा फरक मानत नव्हता आणि दोन्ही दवाखान्यांचे पेशंट एकमेकांत मिसळत होता, आणि दवाखान्यांकडून आलेला दुसरा तक्ता आधी एक दवाखाना, मग दुसरा असा होता. दोन वर्गांची मुलं एकाने मिसळून उभी करावी, दुसऱ्याने वर्गवार, आणि मग हजेरी घ्यावी, तशातली गत. नवा लॅपटॉप योगायोगाने वर्गवार लावत होता, म्हणून त्याचं उत्तर खरं होतं. जुन्यावर मोठ्या दवाखान्यातल्या फोनच्या खुणा जाऊन चिकटल्या होत्या लहान, जास्त करून बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या बाळंतिणींना. बाळंतिणी सुखरूप घरी गेल्या की सहसा परत येत नाहीत, त्यांना फोन करा नाहीतर करू नका. तिचा ठसठशीत निष्कर्ष एवढाच होता.

पसाऱ्याने शेंगदाण्यांची पुडी मिटली. त्याला गांभीर्य कळलं होतं. "जुना कॉम्प्युटर सेमिनारपर्यंत टिकेल," तो हळूच म्हणाला. "नंतर तसाही भंगारात जाणार आहे. मी तर आजोबांना पाहिलंच नाही."

खरं सांगायचं तर तिच्या मनातही ते येऊन गेलं होतं, त्याच्या आधीच. सत्र, नोकरी, खोली. बाकी कुणाला त्या ओळीचा पत्ता लागणार नव्हता, कारण असल्या ओळी शोधणारी विभागात ती एकटीच होती. तिने ती ओळ खोडली, नंबर बघून जुळवणारी लिहिली, आणि जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालवलं. तिथेही फरक गेला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"पसाऱ्याला."

"म्हणजे सगळ्या विभागाला," मॅडम म्हणाल्या. हा निष्कर्ष त्या किती ठिकाणी सांगून बसल्या होत्या ते दोघींनाही ठाऊक होतं. "सेमिनार मी रद्द करते. प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. नवा गाइड मिळेल तुला, पण वर्ष जाईल."

"हो मॅडम."

"आणि जिथे जिथे मी सांगितलंय, तिथे मला कळवावं लागेल. ते माझं मी बघते."

त्या संध्याकाळी भावोजी आले, बूट काढायला वाकले आणि सवयीने म्हणाले, "काय साहेब, झालं का?"

"झालं होतं," ती म्हणाली. "मीच मोडलं."

ताई आतून बाहेर आली. गाळणीने दोघांना सगळं सांगितलं. आजोबा, बाळंतिणी, नोकरी, वर्ष. सांगताना तिचा आवाज ठीक होता. मग ताईकडे बघून म्हणाली, "तू ते फोन करतेस ना, त्याने काही होत नाही गं. मी चुकीचं सांगितलं." इथे मात्र तिला रडू आलं. "आणि खोलीसुद्धा..."

ताई तिच्याजवळ बसून राहिली. भावोजी मधल्या खोलीत गेले, टेप घेऊन कॉट आणि भिंत यांच्यामधली जागा मोजली, दाराच्या मागचा पाळणा ओढून त्याचा कागद फाडला आणि आतूनच ओरडले, "साहेब, टेबल वीतभर खिडकीकडे सरकवलं तर दोघंही मावतायत. या, एक बाजू धरा."

तिने डोळे पुसले आणि जाऊन टेबलाचं दुसरं टोक धरलं.