दाढ काढताना हे जागेच होते

आमचे हे शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ बिनधास्त उभे राहतात, पण दाताच्या डॉक्टरीणबाईंची सुई दिसली की खुर्चीतून पळतात. शेवटी बाईंनी संमोहन सुचवलं.

“मला कोण झोपवतंय!” हे गरजले.

बाईंनी डोळे मिटायला लावून निवांत वाटणारी जागा विचारली. मला वाटलं, माझं माहेर सांगतील. हे म्हणाले, “भट्टी.”

मग बाई हळू आवाजात भट्टीबद्दलच बोलत राहिल्या. ह्यांचे खांदे सैल पडले. सुई टोचली, दाढ निघाली, तरी हे खुर्चीतच.

“मी जागाच हुतो की! कसलं संमोहन!” कापूस चावत हे म्हणाले.

“त्यात माणूस जागाच असतो, काका,” बाई हसल्या. “फक्त भीतीकडं लक्ष जात नाही.”

पुढच्या दाढेची वेळ ह्यांनी स्वतःच मागून घेतली.