पाहतो अन् पाहून घेतो

आमच्या घरधन्याले इंग्रजी येते, हे अकोल्यात ज्याले माहीत नाही असा माणूस तुमाले सापडणार नाही. काहून, तं ते स्वतःच साऱ्यायले सांगत फिरतात. अमरावतीकडचे. बाप-आज्यानं जलमभर मळ्यातली वांगी विकली. यायनं मात्र आगगाडीच्या सडकेचं काम निघालं तवा गोऱ्या मिस्त्र्याच्या हाताखाली मुरूम टाकता टाकता इंग्रजी उचललं. उचललं म्हणजे एक एक गोटा उचलावा तसं. कम, गो, लुक, आफ्टर. शब्द सारे सुटे, जोडायचे यायनं यायच्या मनानं.

मंग तिकडे अमेरिकेत लढाई लागली, विलायतेले कापूस मिळेना, अन् गोरे खरेदीदार थेट आमच्या वऱ्हाडात आले. भाव असा चढला, की लोकायनं गाद्या उसवून आतला कापूस विकला. खरेदीदाराले दुभाष्या पाहिजे होता. आमचे हे पागोटं बांधून उभे राहिले.

माझे बाबा खुशालराव, तेल्हाऱ्याचे कास्तकार. हे लगन आज्यानं ठरवलं होतं, बाबाच्या मनात नव्हतं. "जावयाले जमीन नाई, नुसती जीभ हाय," असं म्हणत. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. तरी त्या साली मी निरोप धाडला, कापूस अकोल्याले आणा, तुमचे जावई हायेत तिथं. बाबा आले, गाववाल्यायच्या गाड्या बी संग आणल्या. मी भाकर-ठेचा घेऊन बाजारात गेली. मनात एकच होतं, आज बाबानं जावयाले माणूस म्हणावं.

साहेब तोंडानं तांबडा, पण हसरा. कापूस हातात घेऊन पाहिला, खूश झाला, छातीवर हात ठेवून बाबाले लांबलचक काही बोलला. शेवटी म्हणे, "आय विल लुक आफ्टर यू."

यायनं मान डोलावली. लुक म्हणजे पाहणं, आफ्टर म्हणजे मंग. खणखणीत आवाजात सांगतलं, "साहेब म्हणते, तुमाले मंग पाहून घेतो."

ध चा मा झाला. अन् साहेब हसूनच राहिला होता, तेच तं वाईट.

"पाहून घेतो?" बाबा उठले. "मले? माझ्याच कापसावर हात ठेवून?" त्यायनं बैल जुंपले. गाववाल्यायनं बी जुंपले. मंग माझ्याकडे वळले. "जयवंता, बस गाडीत. धमकी देणाराच्या चाकराघरी माझी पोरगी राहणार नाई."

बाबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बसली तं संसार गेला, नाई बसली तं माहेर गेलं. अन् हे नुसते उभे, तोंडचं पाणी पळालेलं. मले असा राग आला, काय सांगू. म्हटलं, "उभे काहून राहिले? साहेबाले विचारा, तो आणिक कोणाकोणाले लुक आफ्टर करते."

यायनं विचारलं. साहेब चक्रावला, पण बोलला. यायनं भीत भीत सांगतलं, "घोडीले करतो म्हणते. लेकरायले करतो. विलायतेत म्हातारी माय हाय, तिले बी."

"मायले पाहून घेते?" बाबा म्हणाले. "काय अवलाद हाय."

तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. "बाबा, मी इकडे आल्यापासून आपल्या मायले कोण पाहते?"

"तुही वहिनी पाहते."

"तसंच पाहणं हे. पाहून घेणं नाई. यायनं एक 'घेणं' जास्तीचं लावलं, बाकी बरोबर होतं."

बाबानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. साहेबाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मंग हळूच मले विचारलं, "अन् तुले इथं कोण पाहते, पोरी?"

भर बाजारात, बापासमोर, डोक्यावरचा पदर सावरत मी नाव घेतलं. उखाणा नाई, काही नाई.

"पुंजाराम."

बाबानं बैल सोडले. साहेब विचारून राहिला होता, बाई काय बोलली म्हणून. दुभाष्याचे डोळे भरून आले होते, अन् त्याले त्याचं इंग्रजी काही सुचेना.